चौकशी

बसा साहेब. खुर्ची डुगडुगते, भिंतीला टेकवून बसा.
समोरच्या घराचं विचारून राहिलात ना,
सांगते. आधी पाणी घ्या.
आज नर्मदा आली नाही, कालचं आहे.

तिघी राहतात. भाडं पाच तारखेला देतात.
मोठ्या सिस्टर पिएरिना, वसईच्या.
मराठी बोलतात, पण आपल्या इंदूरसारखी नाही,
पहिल्या दिवशी मला वाटलं भांडूनच राहिल्यात.
दुसरी सलोमी, जशपूरकडची, नर्स.
तिसरी पोरगी नवीन, केरळची,
परवल आणि परसों यांत घोटाळा करते,
भाजीवाला मुद्दाम म्हणतो, घ्या, ताजे परसों आलेत.

दिवसभर काय करतात?
पहाटे पाचला खिडकीत दिवा लागतो,
हळू आवाजात काहीतरी गातात
कचऱ्याच्या गाडीचं गाणं येईस्तोवर.
मग ओला-सुका घेऊन मोठ्या सिस्टर बाहेर येतात
आणि माझी बादली बघून माझ्यावर डाफरतात.
सलोमी सायकल काढते, बंद मिलच्या चाळींकडे जाते.
टीबीची गोळी हातात देऊन निघत नाही,
घशाखाली उतरेपर्यंत समोर उभी.
आमचा दीर तिला बघून गच्चीवर लपायचा.
ती खाली पायरीवर, उन्हात, छत्री उघडून.
म्हणायची, मला घाई नाही.
सहा महिने.

हो, धर्माचं.
विचारा, सगळे तेच विचारतात.
मीही विचारलं होतं, तोंडावर,
सिस्टर, मला बाटवणार का हो?
त्या माझ्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळत होत्या.
म्हणाल्या, एकशेसत्तर.
आधी लोणचं सोड.

खोटं नाही बोलणार.
पहिलं वर्षभर त्यांच्या घरचा चहा प्यायले नाही.
उपास आहे, सांगायची.
आठवड्यात किती उपास असतात एका बाईला,
त्यांनी मोजले असतील. बोलल्या नाहीत.

मग त्यांची आई गेली, तिकडे वसईला.
फोन आला तोवर अवंतिका सुटून गेली होती.
मी गेले. पण म्हणायचं काय,
त्यांच्या देवापुढे कसं बसतात तेही ठाऊक नाही.
ओट्यावर लसूण दिसला, तो सोलायला घेतला.
थोड्या वेळानं त्याही शेजारी येऊन सोलू लागल्या.
आईची केळीची वाडी, डोक्यावर घड,
पहाटेचा बाजार, एवढंच बोलल्या.
सकाळपर्यंत एक किलो लसूण सोलला आम्ही.
त्याचं करायचं काय, कुणालाच कळेना.
तेव्हा प्यायले चहा.
साखर फार होती.

आणखी लिहा.
अनंत चतुर्दशीला मिलच्या झाँक्या निघतात,
अख्खा परदेशीपुरा रात्रभर रस्त्यावर,
तेव्हा त्यांच्या ओट्यावर माठ असतो भरलेला
आणि केरळच्या पोरीच्या मांडीवर
कुणाचं तरी झोपलेलं पोर.
नाताळात फुग्या तळतात. ताट इकडे येतं,
रिकामं परत जात नाही.
चाळीतल्या बायांचे रेशनकार्डाचे फॉर्म भरतात,
अक्षर मोत्यासारखं,
तरी बाबू परत पाठवतो.
त्याही परत जातात.
एकदा तर डबा घेऊनच गेल्या, त्याच्या टेबलासमोर बसून जेवल्या.

आणि पोह्यांत ओलं खोबरं घालतात.
जीरावण नाही, शेव नाही.
हा गुन्हा असेल तर जरूर लिहा,
गल्लीनं समजावून बघितलं आहे.

झालं? बघू, काय लिहिलंत?
'तिघी. भाडं वेळेवर.'
एवढंच?

बरं. तेही खरंच आहे.

अहो साहेब,
पाणी तसंच राहिलं तुमचं.
उपास आहे का?